खांद्याएवढं दार

ओदिल पिंपात होती आणि गाणं म्हणत होती. हौसेने नव्हे, तसा नियमच होता. रिकाम्या पिंपात गंधकाची वाफ राहते, माणूस कळायच्या आत मान टाकतो. म्हणून आत उतरलेल्याने सतत आवाज करायचा आणि बाहेरच्याने तो ऐकत राहायचं. गाणी संपली की शिव्या, शिव्या संपल्या की प्रार्थना.

पिंप दोन माणसांच्या उंचीचं. आत जायला तळाशी जेमतेम खांद्याएवढ्या रुंदीचं दार. द्राक्षांची तोडणी तोंडावर आली होती आणि आतल्या फळ्यांवर बसलेला वाइनचा दगडी थर खरवडून काढायला हवा होता. त्या दारातून जाऊ शकेल असं घरात तिच्याशिवाय कुणी नव्हतं. चाळिशी ओलांडली तरी तिचं अंग काटकुळंच राहिलं होतं. बाहेर स्टुलावर तिचा बाप फेर्नां बसला होता, पोट मांड्यांवर टेकवून.

तळघराच्या पायऱ्यांवर बूट वाजले. शेजारच्या मळ्यातले शापुई आले.

"किती राहिलं?"

"हे, आणि अजून दोन."

"आणि तो बोटीवरचा? परत नाही ना आला?"

"हळू बोल," फेर्नां म्हणाला. "कशाला येतोय आता. रविवारी सांगून टाकलं, ती नको म्हणते म्हणून."

आत गाणं थांबलं, ब्रशही थांबला. बाहेरची कुजबुजसुद्धा पिंपात कानाशी बोलल्यासारखी ऐकू येते, हे फेर्नां विसरला होता. त्याला आत उतरून फार वर्षं झाली होती.

बोटीवरचा म्हणजे लुसियें. तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा, बोटीचं इंजिन सांभाळणारा विधुर. धक्क्यावर पेट्या चढवताना ओदिलची त्याच्याशी ओळख झाली होती, मग ओळखीहून जास्त काही झालं होतं. रविवारी घरी येऊन लग्नाचं विचारतो, असं तो म्हणाला होता. आणि रविवारीच बापाने तिला डोंगरावरच्या मळ्याच्या सगळ्यात वरच्या टप्प्यावर पाठवलं, पाखरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून जाळी पसरायला. संध्याकाळी तिने विचारलं, कुणी आलं होतं का. "कोण येणार?" बाप म्हणाला होता. लुसियेंचं मन बदललं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

"ओदिल?" बाहेरून हाक आली. "गा ना, पोरी."

ती गप्प राहिली.

"ओदिल!"

स्टूल आडवं पडलं. फेर्नां गुडघ्यांवर आला, त्याने दारातून डोकं आत घातलं, मग एक हात, मग खांदा रेटला. आणि तिथेच अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना.

आतल्या दिव्याच्या उजेडात त्याचा लालभडक चेहरा तिच्या गुडघ्यापाशी होता.

"आहेस," तो म्हणाला. "आहेस ना."

"काय सांगितलंत त्याला?"

"मला आधी मोकळं कर."

"बाबा, काय सांगितलंत?"

बाहेरून शापुई त्याचे पाय धरून ओढत होते. फेर्नां कण्हला. "सांगितलं, नको म्हणते. दुसरं काय सांगू? तू तिकडे गेलीस तर इथे कोण उतरणार?"

"तो काय म्हणाला?"

फेर्नांने डोळे मिटून घेतले. "म्हणाला, तिच्या तोंडून ऐकतो."

"मग?"

"मग मी दार लावलं."

ओदिल हलली नाही. तो निघाल्याशिवाय तिलाही बाहेर पडता येणार नव्हतं, आणि ती हात लावत नाही तोवर तो निघणार नव्हता. फेर्नांने डोळे उघडले. तिच्याकडे बघता बघता त्याचा श्वास आखूड झाला.

"सगळा श्वास सोडा," ती शेवटी म्हणाली. तिने पाठ मागच्या फळ्यांना टेकवली, दोन्ही तळवे त्याच्या खांद्याला लावले आणि ढकललं. शर्ट टरकला, कातडी सोलली, आणि फेर्नां बाहेर जाऊन पडला.

ती सरपटत आली तेव्हा तो जमिनीवरच बसला होता. "पाणी पी आधी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

तिने शापुईंकडे पाहिलं. "काका, तुम्हालाही ठाऊक होतं?"

शापुईंनी टोपी काढून हातात फिरवली. "माझ्याकडेही पिंपं आहेतच ना, ओदिल," ते म्हणाले. "तीही तूच घासतेस."

ती तशीच निघाली, भिजलेल्या कपड्यांनी, अनवाणी. गल्लीतल्या बायका बोलायच्या थांबल्या. धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत ओर्तांस होती, शाळेपासूनची मैत्रीण. तिने ओदिलला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"काय हा अवतार! आणि आता आलीस होय? रविवारी बिचारा दिवसभर इथे बसून होता. बोट आली की उठायचा, निघाली की परत बसायचा. मला वाटलं, तूच त्याला झुलवतेयस."

"आज आहे का तो बोटीवर?"

"या फेरीवर नसतो आता. तळ्याच्या वरच्या टोकाला बदली मागून घेतली म्हणे." ओर्तांसचा आवाज उतरला. "तुला खरंच ठाऊक नव्हतं?"

"कुठे बसला होता?"

ओर्तांसने बोट दाखवलं. ओदिल त्या बाकावर जाऊन बसली. बाकाचं तोंड गावाकडे होतं. तिथून सगळा डोंगर दिसत होता, भिंतीवर भिंत, मळ्यावर मळा, आणि अगदी वर, रविवारी तिने दिवसभर वाकून पसरलेली पांढरी जाळी. जाळीच्या बाजूच्या मळ्यात एक बाई काम करत होती. डोंगराकडे तोंड करून वाकली होती. कोण होती ते ओदिलला कळेना, नुसती पाठ दिसत होती. ओदिल बराच वेळ बघत राहिली. बाईने एकदाही वळून तळ्याकडे पाहिलं नाही.