तुलनेपुरती

"हनुवटी इथे टेकवा, कपाळ पट्टीला लावा. डोकं हलवायचं नाही, डोळे जातील तिकडे जाऊ द्या," डॉक्टर म्हणाले आणि तिचा नवरा शहाण्या मुलासारखा यंत्रासमोर बसला.

पडद्यावर क्षणभर दोन चित्रे शेजारी शेजारी उमटत आणि विझत. बाटली आणि फुलदाणी. पेला आणि घड्याळ. पुन्हा बाटली आणि कंदील. नजर आधी कुठे धावते व कुठे घुटमळते, एवढेच यंत्र टिपत होते. दुपारनंतर याच खुर्चीत स्मृती ओसरू लागलेले वृद्ध बसत, आणि ते काय विसरणार आहेत हे त्यांच्या मुलांच्या आधी यंत्राला कळे. माणूस खोटे बोलतो, त्याची नजर नाही, असा डॉक्टरांचा सिद्धान्त होता. त्या सिद्धान्तावर त्यांचा प्रबंध, त्यांचे पद आणि या खोलीतला गारवा उभा होता.

ती भिंतीलगतच्या खुर्चीवरून नवऱ्याची मान न्याहाळत होती. तपासणीची अट तिचीच. तो यात कोरडा ठरला, तर तो थोरल्या बहिणीच्या घरून रविवारी स्वतःच्या घरी परतणार. नाही ठरला, तर मुलीला घेऊन ती वेगळी राहणार. दारू सोडल्याच्या शपथा तिने पुष्कळ ऐकल्या होत्या. नजरेची साक्ष अजून काढायची राहिली होती.

साक्ष निर्मळ निघाली. नजर बाटलीकडे जवळजवळ वळलीच नव्हती, आणि आपल्या उपचारांचे हे यश पाहून डॉक्टरांना झालेला आनंद लपत नव्हता.

"जरा जास्तच निर्मळ नाही का?" ती म्हणाली. "समोर बाटली आली तर कोणीही एकदा तरी बघेल. हा आपला फुलदाणीकडे बघत बसला. घरातली फुलदाणी फुटली होती, तर महिनाभर याच्या लक्षात आलं नव्हतं."

"म्हणजे बघितलं तरी चोर, नाही बघितलं तरी चोर," शेजारी बसलेली थोरली नणंद म्हणाली. "एकदा काय ते ठरव बाई, म्हणजे त्याला तसा बसवता येईल."

नवरा विझलेल्या पडद्याकडेच बघत होता. हल्ली तो काहीच बोलत नसे, आणि तिला त्याचीच अधिक धास्ती वाटे.

डॉक्टरांनी समजुतीचा सूर लावला. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक व्यसनी माणसाशेजारी त्याच घरातला एक निर्व्यसनी माणूस तपासला जाई. छप्पर तेच, जेवण तेच, काळज्या त्याच. फरक फक्त दारूचा. जो पीत नाही त्याला बाटलीचे काही सोयरसुतक नसते, हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि गृहीतकाची तपासणी करण्याची प्रथा त्या इमारतीत नव्हती. तिने उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. तेव्हा तिने बसावे, तुलनेपुरते.

ती बसली. बाटली उमटली. नजर हलल्याचे तिला जाणवण्यापूर्वीच नजर तिथे पोचलेली होती. दारू कुठवर आहे, झाकण फिरवलेले आहे की अजून सीलबंद, हे तिने चित्र विझण्याआधी पाहून घेतले. कंदिलाकडेही ती वळली, पण त्याच्या मागे काही दडवलेले आहे का, एवढे बघण्यापुरतीच.

डॉक्टरांनी आलेख पाहिला. यंत्र पुन्हा जुळवून तिला पुन्हा बसवले. दुसऱ्या खेपेला नजर आणखी चपळ निघाली. मग ते खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले आणि आरोपींसाठी राखून ठेवलेल्या मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही कधीपासून घेता?"

तिला आधी हसू आले. मग तिने नवऱ्याच्या बाटल्या दडवायच्या जागा सांगितल्या: पाण्याची टाकी, कपाटाचा माथा, गादीची शिवण, मुलीच्या जुन्या खेळण्यांचे खोके. वर्षानुवर्षे घरात शिरताना ती चपला काढायच्या आधी या जागा डोळ्यांनी चाचपत आली होती.

"मला प्यायची नसते, डॉक्टर. मी किती उरलीय ते बघते."

त्यांनी लक्षपूर्वक ऐकून घेतले. परंतु त्यांच्या शास्त्रात माणसे दोनच प्रकारची होती, पिणारी आणि न पिणारी. शोधणाऱ्यांसाठी तिसरा प्रकार कोणी केलेला नव्हता. इतकी अधीर नजर आपण फक्त मुरलेल्या व्यसनींत पाहिली आहे, असे त्यांनी खेदपूर्वक नमूद केले. नाकारणे हेच पहिले लक्षण असते, असेही ते म्हणाले. हे वाक्य तिला पाठ होते. तिने ते नवऱ्याला अनेकदा ऐकवले होते.

आता नवऱ्याने तोंड उघडले. आवाजात काळजी होती, आणि ती खरी की उसनी हे तिला प्रथमच सांगता आले नाही.

"मुलगी रोज संध्याकाळी एकटी हिच्याजवळ असते, डॉक्टर."

मग नणंद उठली. आज मुलीला शाळेतून आपणच घेऊन जाऊ, दोन दिवस आपल्याकडे राहील, असे तिने ठरवून टाकल्यासारखे सांगितले. सांगता सांगता ती भावजयीजवळ आली, तिच्या कपाळावरची बट मायेने मागे सारली, आणि बट सारून झाल्यावरही चेहरा तसाच जवळ ठेवून तिने नाकाने एक सावकाश, खोल श्वास घेतला.

नाक जवळ नेताच श्वास रोखून धरणाऱ्या माणसाबद्दल आपण आजवर काय समजत आलो, ते तिला आठवले. पण तोवर तिने श्वास रोखलेला होता.