दुसरं प्रमेय

"दुसरं प्रमेय काढून टाका," विभागप्रमुख म्हणाले. "पहिल्यावर लेख छान उभा राहतो. आणि तिचं नाव आभारात घ्या. कुणी बोट दाखवणार नाही."

मास्तरीण अजून खुर्चीत नीट टेकलीही नव्हती. विद्यापीठात ती संख्याशास्त्र शिकवायची, पण मास्तरीण हे नाव वावटळीनं ठेवलेलं, आणि वावटळ हे मास्तरिणीनं. शेजारच्या टेबलावरच्या या मैत्रिणीबरोबर तिनं हा लेख रचला होता: पाहणीत काही माणसं उत्तरच देत नाहीत, तर सगळ्यांची सरासरी काढायची कशी? वावटळ उड्या मारत पुढे जायची, मास्तरीण मागून एकेक पायरी बांधत यायची. लेख पुरा होत आला आणि वावटळच गेली. आजार कळला तेव्हा फार उशीर झाला होता.

"आभार कसले, सर? प्रमेय तिचं आहे."

"आणि सिद्धता?" सरांनी मसुद्यावर बोट ठेवलं. नेमक्या अवघड जागी वावटळीनं लिहिलं होतं, 'हे उघड आहे.' "तुम्हाला आहे का उघड?"

"नाही."

"मग परीक्षकांना कसं असेल? विशेषांकाची मुदत संपत आलीय. हट्ट सोडा."

"मुदत आहे तोवर करू द्या," असं म्हणून तिनं मसुदा उचलला.

घरी आल्या आल्या जेवायच्या टेबलावर कागद पसरले. वावटळीचं म्हणणं असं, की जास्त माणसं विचारत गेलं की अंदाज खऱ्या सरासरीला जाऊन मिळतोच. मास्तरीण ते सिद्ध करायला बसली आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी अडली. मग चिडून तिनं उलटं करून पाहिलं. एक मुद्दाम वाकडं उदाहरण घेतलं, मोजक्या माणसांची उत्तरं अवाढव्य ठेवली. अंदाज भरकटला. कुठेच जाऊन मिळेना.

तिनं आकडे पुन्हा मांडून पाहिले. तेच.

सासूबाई ताटं घेऊन उभ्या होत्या. "काय गं, चेहरा का उतरला?"

"इथं लिहिलंय, उघड आहे. आणि ते नाहीये."

"उघडं आहे ना? मग झाकून ठेव आणि जेवून घे."

एरवी ती हसली असती. आज तेच मनात घोळू लागलं. झाकता आलं असतं. 'हे उघड आहे' तसंच ठेवायचं. परीक्षक घाईत असतात, वाक्य नजरेआड होतं, लेख छापून येतो. वावटळीचं नावही राहतं. पण पुढे कुणीतरी तेच वाकडं उदाहरण घेऊन येईल, आणि तेव्हा ते नाव चुकीला चिकटेल.

तिनं ताट बाजूला सरकवलं.

वावटळीची सगळी उदाहरणं तिनं पुन्हा काढली. एकेक तपासताना तिचा हात थांबला. एकातही उत्तरं हाताबाहेर जात नव्हती. अवाढव्य आकडे असले तरी इतके विरळ, की त्यांचं वजन पडू नये. म्हणजे अट होती! वावटळ ती धरूनच चालली होती, फक्त कागदावर उतरवायची राहिली होती. मास्तरिणीनं अट लिहिली. तिच्या खाली पहिली पायरी बसली, मग दुसरी. 'हे उघड आहे' खोडून त्या जागी तिनं भरगच्च दोन पानं लिहिली. मोडणारं उदाहरणही लेखात घेतलं, अट का हवी ते दिसावं म्हणून. मग गार झालेली आमटी तशीच ओरपली. सासूबाईंनी वर भात वाढला.

लेख पाठवण्याआधी ती वावटळीच्या नवऱ्याला भेटायला त्याच्या औषधाच्या दुकानात गेली. बदल सांगितला. त्यानं गोळ्यांची पाकिटं रचता रचता ऐकलं.

"म्हणजे ती चुकली होती?"

"सांगायचं राहिलं होतं, भाऊजी."

त्यानं मान हलवली. "नाव राहील ना?"

"पहिलं तिचंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विभागात संगणकापुढे बसली. नियतकालिकाच्या अर्जात लेखकांची नावं भरली. वावटळीच्या नावापुढे खूण करून तळटीपेत ती आता हयात नसल्याचं लिहिलं. मेलचा रकाना मात्र रिकामा ठेवला की अर्ज पुढेच सरकेना. सर दारातून डोकावले.

"अजून वेळ आहे. पहिल्या प्रमेयावर भागवता येईल."

"भागवायचं नाहीये, सर."

तिनं रकान्यात वावटळीचा जुनाच पत्ता भरला आणि लेख पाठवून दिला.

चहा घ्यायला उठली तेवढ्यात फोन वाजला. वावटळीचा नवरा होता. मागे कुणी गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं.

"मास्तरीणबाई, तिच्या मेलवर काहीतरी आलंय. तिचा मेल माझ्या फोनवर चालू आहे अजून... बंद करवत नाही."

"काय लिहिलंय?"

तो अडखळत वाचू लागला. सुरुवातीला वावटळीचं पूर्ण नाव. आपला लेख मिळाला. परीक्षकांकडे पाठवत आहोत. त्यांच्या शंका आपल्याला कळवू.

वाचून झाल्यावर त्यानं गिऱ्हाइकाला बाटली दिली आणि म्हणाला, "पुष्कळ शंका काढतात का हो?"

"भंडावून सोडतात."

"म्हणजे तिचं काम अजून संपलेलं नाही."

"छे," मास्तरीण म्हणाली, "आत्ता कुठं सुरू झालंय."