सर्वांत लहान वरची सीमा

"पॉइंट नाइन नाइन," उर्वशी म्हणाली.

हेमराज सरांनी डोळे मिटले. पंधरवडा झाला, फळ्यावर तोच संच होता. अर्धा, दोन तृतीयांश, तीन चतुर्थांश, चार पंचमांश. आकडे चढतच जातात, पण एकापर्यंत कधी पोचत नाहीत. ज्याच्या वर यातला एकही आकडा जात नाही, ती वरची सीमा. पाच चालतो, दोनही चालतो. अशा सगळ्या सीमांमधली सर्वांत लहान कोणती, एवढाच प्रश्न. उत्तर एक. पांढुर्ण्याच्या कॉलेजात हा धडा त्यांनी कित्येक वर्षं शिकवला होता, आणि तो दोन दिवसांत संपायचा.

उर्वशीनं सोमवारी दोन सांगितलं. मंगळवारी म्हणाली, सीमाच नाही, कारण आकडे संपतच नाहीत. बुधवारी एक म्हणाली, आणि लगेच हेही म्हणाली की तो एक याच संचात आहे. रोज नवी चूक. आणि सरांची जुनी सवय अशी की, शेवटच्या पोराला समजल्याशिवाय धडा सोडायचा नाही.

"तुझ्यापायी सरचे केस पांढरे होऊन राहिले," शेजारची प्राजक्ता कुजबुजली.

"पहिलेच पांढरे होते," उर्वशी म्हणाली.

वर्गात रोज येणाऱ्या या दोघीच. सर अतिथी विद्वान होते. नाव मोठं, नोकरी दरवर्षी नव्यानं मागायची. या वर्षी त्यांनी मागणं सोडलं होतं. सौंसरला त्यांच्या साळ्याचं, भूपेंद्रचं, खताबियाण्यांचं दुकान होतं. "जिजाजी, कवा येऊन राहिले? इथं युरियाची लाइन लागली," असा त्याचा रोज फोन. हा धडा संपला की निघतो, असं सरांनी त्याला सांगितलं होतं. वर्गातही सांगितलं होतं. त्यांच्यानंतर गणित कोण शिकवणार, हे कॉलेजात कोणी विचारलं नव्हतं.

सरांनी डोळे उघडले. पाय दुखत होते, घसा बसला होता. पुन्हा पहिल्यापासून सांगायचं त्राण राहिलं नव्हतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पॉइंट नाइन नाइन. झाला धडा."

प्राजक्तानं झटकन मान वर केली. सर डस्टर घेऊन फळ्याकडे वळले.

"सर, बरोबर कसं?" उर्वशी उभी राहिली.

"तूच म्हटलं नं, बाई."

"मी म्हटलं. पण ते चूक आहे."

ती फळ्यापाशी गेली, खडू उचलला आणि शंभर छेद एकशे एक लिहिलं. "हा पाहा. गेला नं वर?"

"मंग पॉइंट नाइन नाइन नाइन धर," सर थकून म्हणाले.

"हजार छेद एक हजार एक. त्याच्याही वर. एकापेक्षा लहान कोणताही आकडा सांगा सर, संचातला कोणीतरी त्याच्या वर निघतेच. म्हणून एकाच्या खाली सीमा होऊच शकत नाही. अन एक सोता संचात नाही, तरी सीमा तोच." तिनं एकाभोवती गोल काढला आणि मग तिचा हात तिथंच थांबला.

सर त्या गोलाकडे बघत राहिले. तिची एकेक चूक त्यांना आठवली. दोन म्हणाली, तेव्हा फक्त 'सर्वांत लहान' सुटलं होतं. आज पॉइंट नाइन नाइन म्हणाली, तेव्हा फक्त 'वरची' सुटलं. इतकं नेमकं चुकायला धडा पुरता यावा लागतो.

"कवापासून येते हे तुले?"

"पहिल्याच दिवशी समजलं."

"मंग इतके दिवस काहून?"

उर्वशी खडूकडे बघत राहिली. "तुम्हीच म्हटलं होतं, सर. हा धडा संपला का मी सौंसरले चाललो."

सर खुर्चीत बसले. त्यांनी पुस्तकाचं पान उलटलं.

वरच्या सीमेनंतर पुस्तकात खालची सीमा येते. तेच सगळं उलटं करून वाचायचं, तासाभराचं काम.

"खालची सीमा राहिली आहे," सर म्हणाले. "ती मात्र लई अवघड आहे. दिवाळी उजाडन."