दुसऱ्या भागातली सून

"‘बावडी’चा दुसरा भाग काढायलाच नको होता," बुद्धघोष म्हणाला, आणि पोह्यांच्या बशा घेऊन आलेली अंजली दारातच थांबली.

तो सणसरहून तिला पाहायला आला होता. बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या डेअरीत कामाला होता, मोटारसायकल होती, व्यसन नव्हतं. बरोबर आई रंगूबाई आणि चुलते अप्पा. अंजलीच्या वडिलांनी, साहेबरावांनी, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं होतं की सुट्टीच्या दिवशी काय करता. भुताचे पिक्चर बघतो, असं त्यानं सांगितलं. तिथवर सगळं ठीक चाललं होतं.

"का नको होता?" अंजलीनं विचारलं.

साहेबरावांनी डोळे मिटले. सकाळपासून त्यांनी लेकीला एकच गोष्ट बजावली होती, विचारतील तेवढंच बोल.

बुद्धघोष सावरून बसला. "तुमी बघितलाय?"

"मैत्रिणीसंगं बारामतीला जाऊन बघितला. जुना काळापांढरापण बघितलाय, कॅसेट आणून. मग रंगीत काढला, तोबी."

"मग तर तुमाला कळायला पायजे. रंगीतमधी विहिरीत मेलेली सून वर येती तवा थेटरात बाया किंचाळत व्हत्या. घरातल्या एकेकाला धरून विहिरीत वढती. त्याला म्हणायचं भूत. आन ह्या दुसऱ्या भागात? घरात येती, उभी राहती. कुणाला हात लावत न्हाय."

"कशाला लावंल? ती घरी आलीय."

"भूत घरी येत नसतंय."

"मग कुठं जातंय?"

ताईबाईंनी लेकीच्या हातातल्या बशा काढून घेतल्या आणि स्वतःच वाटल्या. "पोहे घ्या," साहेबराव म्हणाले. "गार व्हत्यात." कुणी ऐकलं नाही.

"इंटर्वलपातुर भूतच दिसत न्हाय," बुद्धघोष अप्पांना समजावून सांगू लागला. "निस्ता स्वयंपाक चाललाय घरात."

"सासूच्या अंगावर त्या मेलेल्या सुनंचं लुगडं हाय," अंजली म्हणाली. "ते दिसलं न्हाय का तुमाला?"

"लुगडं बघायला तिकीट काढलं व्हतं का मी?"

साहेबरावांचा धीर सुटला. त्यांनी बशी खाली ठेवली.

"छप्पन्न साली माझ्या बापानं घरातले सगळे देव नेऊन नदीत सोडले," ते म्हणाले. "भुतं काय तुमच्यासाठी राखून ठिवली व्हती? दोघंबी शिकलेली, आन बोलताय कशावर?"

"भुतं न्हाईतच, बाबा. पिक्चर हाय तो."

"तेच मी म्हणतोय," बुद्धघोष म्हणाला. "पिक्चर हाय, तर भ्या तरी वाटाया पायजे."

दोघंही साहेबरावांकडं सारखीच वैतागून बघत होती. साहेबरावांनी ताईबाईंकडं पाहिलं. ताईबाईंनी पदराखाली कपाळावर हात मारून घेतला.

अप्पांनी बशी सरकवली आणि टोपी नीट केली. "चला, निघतो आमी. कळवतो तुमाला."

कळवतो म्हणजे काय, ते घरातल्या सगळ्यांना कळलं. अंजलीलाही कळलं. पण तिचं अजून मिटलं नव्हतं.

"आन शेवट?" तिनं विचारलं. "शेवटपण वाईटच व्हता का?"

"कसला शेवट? सासू चुलीपाशी बसलीय आन ही म्होरं उभी. लोकं शिट्ट्या मारून उठली. आमीबी उठलो."

"म्हणजी तुमी शेवट बघितलाच न्हाय."

"बघण्यासारखं व्हतं काय त्यात?"

अंजली मटकन खालीच बसली. "अहो, ती बोलती की मग. काळापांढऱ्यात बोलली न्हाय, रंगीतमधी निस्ती वरडली. हितं पयल्यांदा बोलती, आन तुमी उठून आलात. आन वर सांगताय काढायलाच नको व्हता म्हणून."

बुद्धघोषनं गार झालेल्या पोह्यांचा घास घेतला.

"काय बोलती?"

हे रंगूबाईंनी विचारलं. आल्यापासून पाणी मागण्यापलीकडं त्या काही बोलल्या नव्हत्या.

"सासूला म्हणती, माझा पाय घसरला न्हवता."

"आन सासू?"

"सासू भाकरी थापत राहती."

रंगूबाईंनी मान हलवली. हातातली बशी त्यांनी खाली ठेवली.

"माझ्या थोरल्या बहिणीचंबी आमाला असंच सांगितलं," त्या म्हणाल्या. "साखरबाईचा विहिरीवर पाय घसरला म्हणून."

"वैनी," अप्पा म्हणाले. ते अर्धवट उठले होते. "आज कशाला ते?"

"मी कुठं काय म्हणते, भावजी. पिक्चरचं चाललंय."

अप्पा होते तिथंच परत टेकले. बुद्धघोष आईकडं बघत राहिला. साखरमावशी तापानं गेली, एवढंच त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"चहा टाक," साहेबराव हळूच ताईबाईंना म्हणाले. "सगळ्यांना टाक."

ताईबाई आत गेल्या. बुद्धघोष अंजलीकडं वळला. आता त्याचा आवाज खाली आला होता.

"मग? एवढं बोलून कुठं जाती ती?"

"जात न्हाय," अंजली म्हणाली. ती त्याच्याकडं नाही, रंगूबाईंकडं बघत होती. "थेटरातले दिवे लागत्यात, लोकं खाली वाकून चपला शोधत्यात, तरी पडद्यावर ती उभीच असती."