गोदूबाईच्या नावची पेटी

"साक्षीदार कुठाय?" दिनानाथ मास्तरांनी अर्जावरून नजर न उचलता विचारलं.

पोस्टाच्या खिडकीबाहेर एक बाई उभी होती. अर्जावर गोदूबाईचा अंगठा होता, पोस्टात भाड्याने पेटी हवी म्हणून. पत्रं न्यायला येणार ही, तिची धाकटी सून.

"सासूला चालवत न्हाय, मास्तर. मुंबईचं पत्र घरी आलं की थोरला दीर चुलीत घालतो. म्हातारीला कळूच देत न्हाय."

नियम साधे होते. पेटी घेणाऱ्याला ओळखणारा गावातला एक माणूस हवा. आणि पेटी कुणाची, तिच्यात काय येतं, हे पोस्टाने कुणालाही सांगायचं नाही. पण मास्तर माणगावहून बदलून आले त्याला, एकतीस सालच्या त्या फाल्गुनात, जेमतेम महिना झाला होता. गोदूबाईच्या वाडीत त्यांनी अजून पाऊलही टाकलं नव्हतं.

"बरं, नवऱ्याचं नाव?"

तिने मान खाली घातली आणि गळ्यातली काळी पोत बोटाला गुंडाळत राहिली. आता कुळवाड्याची लेक नवऱ्याचं नाव घेईल होय! मास्तरांनाच ओशाळल्यासारखं झालं. गोदूबाईला मुंबईहून लिहिणारा एकच होता. पाकिटामागे नुसतं नाव टाकायचा.

"दयाराम ना?"

ती लाजून आणखी वाकली. एवढी ओळख मास्तरांना पुरली. साक्षीदाराच्या जागी त्यांनी स्वतःच सही ठोकली आणि चावी तिच्या हातात दिली.

दर महिन्याला पाकीट येई. बोर्लीच्या बाजाराला जाताना ती घेऊन जाई.

दिवाळीच्या सुमारास धर्माजी आला, गोदूबाईचा थोरला मुलगा. "आय हंतरुणाला खिळलीय, मास्तर. दयाचं पत्र आलं का, येवढंच इचारते. खरंच काय न्हाय?"

सकाळीच मास्तरांनी पेटीत पाकीट टाकलं होतं.

"कुणाचं टपाल कुठं जातं, ते सांगायची मला परवानगी नाही."

पत्रं चुलीत घालणारा हाच तो! आणि म्हातारी मोठी पक्की; ह्याला संशय येऊ नये म्हणून मुद्दाम विचारत असणार. मास्तरांनी मनाची अशी समजूत घातली खरी, पण त्या दिवशी जेवण काही गोड लागलं नाही. धर्माजी आणखी दोनदा आला, मास्तरांनी दोन्ही वेळा नियमच पुढे केला. आपण पाप करतोय असं वाटायचं. तो गेला की ते उगाच शिक्के पुसत बसायचे.

चौथ्या वेळी धर्माजीचं डोकं भादरलेलं होतं.

"आय गेली. दयाला कार्ड धाडायचं हाय, पन त्याचा पत्ता न्हाय."

मास्तरांनी हातातला शिक्का खाली ठेवला. नोकरी गेली तर गेली. आईच्या दिवसांना मुलगा यायलाच हवा.

"माझं चुकलं, धर्माजी," ते खिडकीशी येऊन म्हणाले. "पत्रं येतात. दर महिन्याला येतात. आईसाठी म्हणून तुमची भावजय घेऊन जाते. तिला विचारा, पत्ता घरातच मिळेल."



"कंची भावजय, मास्तर? ठरलेल्या पोरीला हळद लागली न् दया मुंबईला पळाला. त्याचं लगीन झालंच कुठं?"