बिनचिठ्ठीचं औषध

“तेलाची बाटली काढ. शंभर मिलीच्या वर हाय.”

रामहरी तात्यांनी हातातली बॅग काट्याला अडकवली आणि बायकोकडं न बघताच हात पुढं केला. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस. उसात दडवलेला दगड त्यांना ट्रॉली बघूनच कळायचा. घरातलंही सगळं कळतं, असं फक्त त्यांनाच वाटायचं.

“अहो, निम्मी बाटली मोकळी हाय,” दगडाबाई म्हणाल्या.

“आतलं तेल कोण बघतंय? बाटलीवरचा आकडा बघत्यात. कुंडलिकला इचारलंय मी.”

कुंडलिक म्हणजे भिगवणचा मेडिकलवाला. तो दोनदा विमानात बसला होता, म्हणून अख्ख्या डाळज गावात या विषयात त्याचा शब्द शेवटचा.

पलंगावर सामान ओळीनं मांडलं होतं. थर्मासात तात्यांचं इन्सुलिन, बीपीच्या गोळ्या, डोळ्यांत घालायचे थेंब, साबण, पेस्ट, दोन ब्रश. औषध तिथं चिठ्ठी, आणि चिठ्ठीला रबर. तात्या वहीत एकेकावर खूण करत होते.

“ही डबी कसली?”

“चूर्ण.”

“चिठ्ठी?”

“पोट साफ व्हायला कोण चिठ्ठी देतंय?”

तात्यांनी डबी कानापाशी हलवली आणि लिहिलं, चूर्ण, नग एक. दगडाबाईंनी पदरानं कपाळ टिपलं.

डबीत मिश्री होती.

परवा तात्या इंदापूरला गेले तेव्हा त्यांनी तवा ठेवून तंबाखू भाजली होती. नाकाला पदर बांधला, कुटली, चाळली, हात तीनदा धुतले. तरी संध्याकाळी तात्यांनी दारातच नाक वर केलं. “सूनबाईच्या चटणीला मिरच्या भाजल्या,” असं त्या म्हणाल्या. दर दोन महिन्यांनी सुनेला चटणीचं पार्सल जायचंच, त्यामुळं ते खपलं.

सून अश्लेषा दातांची डॉक्टर. ती आणि इंद्रजित बेंगळुरूला. गेल्या श्रावणात तिनं फोनच्या कॅमेऱ्यातून सासूच्या गालातला पांढरा चट्टा हेरला. तात्यांनी त्याच दिवशी बायकोला बिरदेवापुढं उभं केलं आणि भंडारा उचलायला लावला. मिश्री दाताला लावणार न्हाय, एवढीच शपथ. भाजणार न्हाय, असं कुणी वदवून घेतलं नव्हतं.

आता अश्लेषाचा स्वतःचा दवाखाना उघडणार होता. फीत कापायचा मान सासूबाईंना. ‘चाळीस वर्षांची मिश्री सोडणाऱ्या आमच्या आई’ असं निमंत्रणावर छापलेलं.

“ध्यानात ठेव,” तात्या बॅगेची चेन ओढत म्हणाले. “चिमूटभर जरी तुज्यापाशी घावली, तर मी विमानतळावरनं माघारी फिरीन. तूबी फिरायचं. खोटं तोंड घिऊन लेकाच्या दारात जायाचं न्हाय.”

तात्या बोलले की करायचे. इंद्रजितला बघून दीड वर्ष झालं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. अश्लेषाच होती.

“आई, औषधं हातातल्या बॅगेतच ठेवा हं. मोठ्या बॅगेत टाकलीत आणि ती हरवली, तर माझे इथं काय हाल होतील?”

“बघ,” तात्या फुलले. “साखर माजी, आन् जीव तिचा खालवर हुतोय. सून असावी तर अशी.”

दगडाबाईंनी बॅग आपल्याकडं ओढून घेतली.

पुण्याच्या विमानतळावर बायकांची तपासणी वेगळी होती. दगडाबाई पडद्याआडून बाहेर आल्या, तेव्हा त्यांची बॅग बाजूला काढलेली. खाकीतली बाई उभीच होती.

“आजी, ही तुमची?”

तिनं थर्मास बघितला, चिठ्ठी वाचली, मान हलवली. मग डबी उघडली. वास झाकणाच्या आधी बाहेर आला.

“हे काय आहे?”

दगडाबाईंनी मागं वळून बघितलं. दहा पावलांवर तात्यांचीही बॅग उघडली होती. साखर उतरली तर असावं म्हणून बॅगेच्या खिशात ठेवलेलं गूळ-खोबरं टेबलावर आलं होतं.

“गूळ न्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही,” जवान सांगत होता.

“चाळीस ग्रॅम हाय! शंभराच्या आत हाय की! काटा आणा, दावतो!” तात्यांचा आवाज चढला होता.

“बाई,” दगडाबाई पुटपुटल्या, “दाताचं हाय. मोठ्यानं बोलू नगा. आमचं मालक तितं हायत.”

बाईनं डबी नाकाशी नेली आणि ओठ दाबून हसली. “माझ्या आत्यालाही हेच लागायचं.”

“काय घावलं?” तात्या येऊन ठेपले होते. खोबरं गेलं होतं.

“काही नाही, आजोबा. दातांचं औषध.” बाईनं झाकण दाबलं.

तात्यांनी वही उघडली. “दाताचं? तू तर चूर्ण म्हणालीस. चिठ्ठी कुठंय?”

“घरात दातांची डॉक्टरीण असताना आणि चिठ्ठी कशाला? तितं गेल्यावर इचारा तिला.”

तात्यांनी थोडा विचार केला. चूर्ण खोडलं, आणि वर लिहिलं, सूनबाईचं औषध. दगडाबाईंनी डबी बॅगेच्या तळाशी सारली.

दवाखान्याच्या दारात फुलांच्या माळा होत्या. इंद्रजितनं आईला मिठी मारली, तात्यांच्या हातात पेढा न देता बिनसाखरेचा चहा दिला. तात्या भिंतीवरचा तंबाखूविरोधी फलक मोठ्यानं वाचायला लागले.

“आधी आईंचं तोंड तपासते, मग फीत,” असं म्हणून अश्लेषानं सासूला आतल्या खुर्चीवर बसवलं. बॅटरी धरली, गाल ओढून बघितला.

“चट्टा पार गेलाय. आठ महिन्यांत एकदाही शिवला नाहीत तुम्ही.”

“भंडारा उचललाय न्हवं,” दगडाबाई म्हणाल्या.

अश्लेषानं उठून दाराला कडी लावली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि हात पुढं केला. दगडाबाईंनी डबी काढून दिली. तिनं घाईघाईनं झाकण उघडलं, चिमूटभर तळव्यावर घेतली आणि बोट दातांवरून फिरवत डोळे मिटले.

“आई,” ती म्हणाली, “या खेपेला जरा जास्त भाजलीत.”