कोठ्यावरचा फ्लेक्स

अल्लीपूरच्या बंडूजींनी म्हशीच्या कोठ्यावर टिनाऐवजी मागच्या निवडणुकीचा फ्लेक्स ताणला होता. ऊन कमी लागावं म्हणून पांढरी बाजू वर आणि छापलेली बाजू खाली, म्हशीकडे.

सकाळी ते धार काढायला बसले, तोच नव्या पक्षाचे उमेदवार व्हिडिओवाल्याला घेऊन कोठ्यात शिरले. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बोलू लागले, "भाजीले भाव नाई, पोराईले काम नाई. जुन्या पक्षाईनं तुमाले नुसतं लुटलं, बंडूजी. त्याईचं एकबी तोंड आता गावात दिसू देऊ नका."

बंडूजी धार काढत राहिले. हे ऐकून आताशा त्यांना रागही येत नव्हता आणि हसूही.

"साहेब, जरा वर पाहा. चेहऱ्यावर उजेड येऊ द्या," व्हिडिओवाला म्हणाला.

साहेबांनी वर पाहिलं. जुन्या पक्षाचा दुपट्टा गळ्यात घालून, हात जोडून, ते स्वतःच वरून हसत होते.





"पावसात गळते हा," मान वर न करता बंडूजी म्हणाले. "नवा छापला असन तं एक ठेवून जाजा."